रामवाडीच्या पुढे

बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या वडनेर भोलजीच्या फाट्यावर पुण्याच्या ट्रॅव्हल्सची वाट पाहणारी माणसं रोज संध्याकाळी दिसतात. दिवाळीनंतरच्या आठवड्यात तर तिथे उभं राहायला जागा नसते. पाठीवर सॅक घेतलेली पोरं, कडेवर लेकरू घेतलेल्या सुना आणि मुलाकडे महिनाभर राहायला निघालेल्या आया. आयांजवळ सामान जास्त असतं. तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, पापड-कुरडया, लोणच्याची बरणी. गाडी मोताळा, बुलडाणा, चिखली, देऊळगाव राजा, जालना, संभाजीनगर करत रात्रभर चालते, सव्वाचारशे किलोमीटरहून जास्त अंतर तोडते आणि पहाटे नगर रोडने पुण्याच्या कडेला लागते. वाघोली आलं की निम्मी गाडी रिकामी होते. उरलेली खराडी, चंदननगरला. थेट शहरापर्यंत जाणारे थोडेच.

आमच्या भागातली माणसं पुण्यात कुठे राहतात याचा हा ढोबळ नकाशाच आहे. दुसरा गठ्ठा पिंपरी-चिंचवडच्या अंगाला, भोसरी, मोशी, चाकणकडे. तिसरा स्पर्धा परीक्षेवाल्या पोरापोरींचा. तो सदाशिव, नवी, शनिवार या पेठांत दाटीवाटीने राहतो. कपाशी-सोयाबीनच्या भावाने घर चालेना म्हणून गेलेले, आणि शिकल्यावर इथे करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून गेलेले. नांदुरा आणि मलकापूर तालुक्यांतलं असं गाव नसेल जिथल्या दहा-वीस घरांत पुण्याहून पैसे येत नाहीत.

या माणसांना पुण्याची मेट्रो कशी वाटली, हे मला जाणून घ्यायचं होतं. उद्घाटनांच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. पण ज्याच्या खिशात महिनाअखेरीला मोजके पैसे उरतात, ज्याची आई पहिल्यांदाच सरकत्या जिन्यासमोर उभी राहते, त्याचं काय झालं? गावी सणाला आलेल्यांशी बोललो, पुण्यात त्यांच्याबरोबर फिरलो. जे दिसलं आणि ऐकलं ते इथे मांडतो आहे.

आधी थोडं मागे जावं लागेल, कारण रेल्वे आम्हाला नवी नाही. भुसावळहून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला, तो आमच्या मलकापूर-नांदुऱ्यावरून. कापसाच्या बाजारपेठेसाठी जलंब ते खामगाव असा छोटा फाटा काढला गेला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला. म्हणजे जेमतेम तेरा किलोमीटरची, एका गावाला मुख्य मार्गाशी जोडणारी गाडी आमच्या जिल्ह्यात दीडशे वर्षांपूर्वी धावू लागली. कापसाच्या गाठींसाठी ते तातडीने झालं. माणसांसाठी मागितलेल्या खामगाव-जालना मार्गाची मागणी मात्र शंभर वर्षांहून जुनी आहे आणि जिल्ह्याचं ठाणं असलेल्या बुलडाणा शहराला आजही रेल्वे नाही. रेल्वे जिल्ह्याच्या उत्तरेच्या काठाकाठाने जाते. नवी गाडी कुठवर येते आणि कोणासाठी येते, हा प्रश्न आमच्याकडचा माणूस विचारतो तो या अनुभवातून.

पुण्याच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं. ६ मार्च २०२२ ला पहिले दोन तुकडे सुरू झाले, वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी. एक पाच किलोमीटरचा, दुसरा सातचा, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. तेव्हा मेट्रोत बसणं ही सहल होती. रविवारी लोक मुलाबाळांना घेऊन जात, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन परत येत, फोटो काढत. आमच्या गावची जी पोरं तेव्हा गेली, तीही अशीच गेली. कामाला जायला तिचा उपयोग कोणाला होणार होता? फुगेवाडीला उतरून पुढे काय करायचं?

१ ऑगस्ट २०२३ ला ते दोन तुकडे जोडले गेले. फुगेवाडीहून गाडी जिल्हा न्यायालयापर्यंत आली, गरवारेहून रुबी हॉलपर्यंत गेली, आणि जिल्हा न्यायालयाला एका मार्गावरून दुसऱ्यावर जाता येऊ लागलं. त्या दिवसापासून ही सहल संपून वाहतूक सुरू झाली असं मी मानतो. ६ मार्च २०२४ ला रामवाडी आली, म्हणजे नगर रोडला मेट्रो पोचली. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा उघडला आणि कसबा पेठ, मंडई ही स्थानकं मिळाली. मिळून तेहेतीस किलोमीटर. किमान भाडं दहा रुपये, कमाल पस्तीस.

या भाड्याबद्दल लोक जे बोलले, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्वस्त की महाग, हा मुद्दा बहुतेकांनी आधी काढलाच नाही. त्यांनी सांगितलं ते हे, की भाव करावा लागला नाही. पहाटे पाच वाजता अनोळखी चौकात दोन पिशव्या आणि एक पोतं घेऊन उतरलेल्या माणसाला पुण्यात काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे ज्याने सोसलंय त्यालाच कळेल. त्याच्या बोलण्यातला हेल ऐकून समोरचा रक्कम ठरवतो. जवळचं अंतर लांबचं होतं. मुलाकडे वर्षातून एकदा जाणाऱ्या आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मेट्रोबद्दल एवढंच सांगितलं, “आमाले कोनी इचारलंच नाही कुठून आले म्हून.” खिडकीवर पैसे दिले, कागदाचा तुकडा मिळाला, त्यावरचा चौकोन यंत्राला दाखवला, फाटक उघडलं. वनाजच्या बंगल्यातला माणूस आणि वडनेरच्या काकू एकाच फाटकातून, एकाच दराने आत गेल्या. शहरात इतक्या सरळपणे वागवलं जाणं त्यांच्या वाट्याला फारसं आलं नव्हतं. माझ्या दृष्टीने मेट्रोने केलेलं पहिलं मोठं काम हे आहे, आणि ते कुठल्याही अहवालात मोजलं जात नाही.

सरकत्या जिन्याची भीती खरी असते. साडी नेसलेल्या, पायात सैल चप्पल असलेल्या बाईला पहिलं पाऊल टाकायला धीर लागतो. जिन्यापाशी थबकलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आणि त्यांचा हात धरून नेणाऱ्या अनोळखी मुलीही पाहिल्या. कॉलेजच्या पोरी थांबतात, “मावशी, या, माझा हात धरा” म्हणतात आणि वर सोडून निघून जातात. लिफ्ट सगळ्या स्थानकांवर आहे. पण ती कुठे आहे ते नवख्या माणसाला लगेच सापडत नाही. वाचता न येणाऱ्याला तर नाहीच. गाडीतली घोषणा मात्र मराठीत होते, पुढचं स्थानक कोणतं आणि दार कुठल्या बाजूला उघडेल ते सांगते. म्हाताऱ्या माणसांना याचा मोठा आधार वाटतो. एसटीत कंडक्टरला दहादा विचारावं लागतं, इथे कान उघडे ठेवले की झालं.

जिल्हा न्यायालयाचं स्थानक आमच्या लोकांना भारी वाटतं. वनाज-रामवाडीची गाडी वर, पुलावर. पिंपरी-स्वारगेटची खाली, जमिनीत सुमारे तेहेतीस मीटर, म्हणजे एकशे आठ फूट. खारपाणपट्ट्यात गोडं पाणी लागेल या आशेने खणत नेलेल्या दोन विहिरी एकीखाली एक ठेवल्या तर जितकं खोल होईल, तितकं. तिथे फलाटावर उभं राहून वर पाहिलं तर छतातून दिवसाचा उजेड खाली येताना दिसतो. तिथून निघालेली गाडी मुठेच्या पात्राखालून कसबा पेठेकडे जाते. नदीखालून आपण जातोय हे गाडीतल्या अनेकांना ठाऊकच नसतं. ज्याला ठाऊक असतं तो शेजाऱ्याला सांगतो आणि दोघंही काळोख्या काचेबाहेर बघत बसतात. मार्ग बदलायला मात्र वेळ धरून ठेवावा लागतो. जिने, पुन्हा जिने, फलाटावरून फलाटावर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही अदलाबदल सोपी नाही, आणि हे स्थानक बांधणाऱ्यांनी त्याच्या चालीने एकदा चालून पाहावं असं मला वाटतं.

परीक्षेवाल्यांचं गणित वेगळं. पेठेत राहणाऱ्या मुलाला मंडई आणि कसबा पेठ स्थानकं हाताशी आली. आठवड्यातून एखादी सराव परीक्षा, कधी चिंचवडच्या बहिणीकडे जेवायला, कधी फॉर्मची भानगड. पूर्वी बसची वाट पाहण्यात जो तास जायचा तो वाचतो. गर्दीच्या वेळी सहा मिनिटांनी गाडी असते. उभं राहूनही पुस्तक उघडता येतं. पण सवलतीची गोष्ट निघाली की ही मुलं कडवट होतात. मेट्रोने विद्यार्थ्यांना तीस टक्के सवलत दिली ती पदवीपर्यंतच्या. पदवी घेऊन चार-पाच वर्षं अभ्यासिकेत बसलेला मुलगा कागदावर विद्यार्थी नाही. नोकरी नाही, कॉलेज नाही, ओळखपत्र नाही. बाप गावाकडून पैसे पाठवतो आणि तो पूर्ण तिकीट काढतो. शनिवार-रविवारी सगळ्यांनाच तीस टक्के सूट मिळते, म्हणून ही मुलं आपली दूरची कामं त्या दोन दिवसांवर ढकलतात. या शहरात अशा मुलांची संख्या केवढी मोठी आहे हे रस्त्यावरून चालताना दिसतं. त्यांच्यासाठी पासचा नियम थोडा रुंद करायला काय हरकत आहे?

हीच अडचण म्हाताऱ्यांची. एसटीत पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. गावातल्या आजी-आजोबांच्या मनात हे पक्कं बसलंय. पुण्यात एसटीतून उतरून मेट्रोच्या खिडकीवर आधार कार्ड पुढे करणाऱ्या आजोबांना तिकीट घ्यावंच लागेल हे समजावून सांगताना खिडकीतल्या मुलीची तारांबळ उडते. दोन्ही सेवा सार्वजनिकच. एका तिकिटावर मुलाच्या दारापर्यंत जाता यावं, ही आजोबांची अपेक्षा भाबडी म्हणता येणार नाही.

एसटीची गोष्ट निघाली आहे तर शिवाजीनगर स्थानकाबद्दल सांगायलाच हवं. विदर्भ-मराठवाड्याकडच्या एसटी गाड्यांचं पुण्यातलं घर ते होतं. मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस ते वाकडेवाडीला हलवलं. मेट्रोचं शिवाजीनगर स्थानक ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालं, एसटी अजून वाकडेवाडीलाच आहे. आमच्या आगाराच्या गाडीने जाणारा माणूस रात्रभराच्या प्रवासानंतर वाकडेवाडीला उतरतो आणि मेट्रोपर्यंत पुन्हा रिक्षा करतो. मेट्रोसाठी जागा सोडली ती एसटीच्या प्रवाशाने, आणि मेट्रोपासून दूर पडला तोही तोच. पुण्याच्या वाहतुकीवर बोलणाऱ्या सभांमध्ये हा माणूस क्वचितच येतो, कारण तो पुण्याचा मतदार नसतो.

कारखान्यात काम करणाऱ्या पोरांकडून वेगळंच ऐकायला मिळालं. चाकणच्या कंपनीत दुसरी पाळी रात्री उशिरा सुटते. मेट्रोची शेवटची गाडी अकराच्या सुमाराला जाते, आणि चाकणपर्यंत तर मेट्रो नाहीच. भोसरीला खोली असलेल्या एका मुलाने नवीन असताना नकाशात भोसरी हे स्थानक पाहिलं आणि तिथे उतरला. समोर नाशिक फाट्याचा उड्डाणपूल. भोसरी गाव तिथून आणखी काही किलोमीटर. आता त्या स्थानकाचं नाव नाशिक फाटा असं केलं आहे, ते बरंच झालं. पण भोसरीला राहणाऱ्याचं अंतर त्याने कमी झालं नाही. ही मुलं मेट्रोला नावं ठेवत नाहीत. सुटीच्या दिवशी स्वारगेटला, मंडईला जाताना तीच वापरतात. पण कामावर नेणारं वाहन म्हणून विचारलं तर कंपनीची बस, नाहीतर मोटरसायकल. रात्री दमून, झोपेत गाडी चालवत घरी येणाऱ्या पोरांच्या आया इकडे वडनेरला फोनची वाट पाहत बसतात.

रुग्णाला घेऊन आलेल्यांना मात्र मेट्रोने थेट हात दिला आहे. ससूनचं नाव आमच्याकडे घरोघरी माहीत आहे. आता पुणे रेल्वे स्थानकाच्या मेट्रोपासून ससून चालत जाण्याजोगं आहे. वाघोलीत भावाकडे उतरायचं, रामवाडीपर्यंत कसंही यायचं आणि तिथून मेट्रो, असं रोज डबा घेऊन जाणारी एक बाई मला भेटली. नवरा वॉर्डात. तिचा दिवस मेट्रोच्या दोन फेऱ्यांवर बेतलेला होता. गाडी थंड असते आणि बसायला मिळतं, एवढ्या दोनच गोष्टींचं तिने कौतुक केलं. वॉर्डाबाहेर जिन्यावर बसून दिवस काढणाऱ्या माणसाला वीस मिनिटं गार जागी, कोणी न उठवता बसता येणं काय असतं, हे तिच्याकडे पाहून समजलं.

आणि गणपती. कसबा पेठ आणि मंडई ही स्थानकं म्हणजे मानाच्या गणपतींच्या अंगणातच उतरणं. २०२५ च्या विसर्जनाला मेट्रो सलग एक्केचाळीस तास धावली आणि अनंत चतुर्दशीच्या दिवशी प्रवासी साडेपाच लाखांच्या पुढे गेले. आमच्या गावची जी कुटुंबं पंधरा वर्षं पुण्यात राहूनही पेठेतला गणपती कधी बघू शकली नव्हती, कारण लेकरांना घेऊन रात्री परतायचं कसं, ती त्या वर्षी गेली. काही जणांनी तर आईवडिलांना त्यासाठीच गावाहून बोलावलं. आळीतल्या एका म्हाताऱ्याने परत आल्यावर दगडूशेठपेक्षा परतीच्या गाडीतल्या गर्दीचं वर्णन जास्त केलं. एवढी रेटारेटी, तरी कोणी कोणाच्या अंगावर ओरडलं नाही, याचं त्याला अप्रूप.

विदर्भातल्या माणसाने मेट्रो आधी पाहिली ती मात्र नागपूरला. मार्च २०१९ मध्ये सीताबर्डी-खापरी सुरू झाली, डिसेंबर २०२२ पर्यंत चारही दिशा पूर्ण झाल्या. खंडपीठात तारीख असलेला, मेडिकलला दाखवायला आलेला, दीक्षाभूमीला निघालेला आमचा माणूस महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूरला उतरतो तेव्हा मेट्रोचं स्थानक रेल्वेच्या शेजारीच असतं. गाडीत सायकल न्यायला परवानगी देऊन नागपूरने शेवटच्या दोन किलोमीटरचा विचार आधीपासून केला. दोन्ही शहरांतल्या या मेट्रोचा कारभार महामेट्रोकडेच आहे, त्यामुळे एका गावात सुचलेलं दुसरीकडे न्यायला अडचण नसावी.

कोलंबियातल्या मेडेयीन शहराचं उदाहरण इथे द्यावंसं वाटतं. तिथली मेट्रो १९९५ मध्ये सुरू झाली, ती दरीतल्या सपाटीवरून. गरीब वस्त्या डोंगरउतारावर, खेड्यांतून उठून आलेल्या माणसांच्या. २००४ मध्ये त्या शहराने मेट्रोलाच जोडून दोरावरच्या डब्यांची सेवा त्या उतारांवर नेली. घरकामाला, कारखान्याला जाणारी माणसं आपल्या वस्तीतून डब्यात बसून मेट्रोत उतरू लागली. आधी मार्ग, मग कधीतरी कडेची माणसं, हा क्रम तिथे बदलला गेला.

पुण्यातही हालचाल आहे. २५ जून २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी या वाढीव मार्गांना मंजुरी दिली. मिळून पावणेतेरा किलोमीटर, तेरा स्थानकं, सुमारे तीन हजार सहाशे सव्वीस कोटी रुपये, मुदत चार वर्षं. पिंपरीहून निगडीकडचं काम चालू आहे, स्वारगेटहून कात्रजचा मार्ग मंजूर आहे. वाघोलीची बातमी आली त्या दिवशी आमच्या गावाच्या व्हॉट्सअॅप गटात ती फिरली. ज्यांनी कर्ज काढून तिकडे एखादा गुंठा किंवा एका खोलीचा फ्लॅट घेतलाय, त्यांना आनंद झाला. जे भाड्याने राहतात त्यांच्यातल्या एकाने लगेच विचारलं, स्थानक झालं की घरभाडं किती वाढेल? हा प्रश्न मला आनंदाइतकाच गंभीर वाटतो. मेट्रो दारात आली आणि भाडेकरूला आणखी पुढे, लोणीकंदच्या पलीकडे जावं लागलं, तर तिथून तो रामवाडीच्या आधीच्याच काळात जाईल. मार्ग आखतानाच स्थानकाजवळ परवडणारी भाड्याची घरं राखून ठेवणं सरकारच्या हातात आहे. ते पुलाचे खांब उभे राहायच्या आत करावं लागतं.

तोवर, दिवाळी करून पुण्याला परतणाऱ्यांसाठी, विशेषतः ज्यांच्याबरोबर आई-वडील येत आहेत त्यांच्यासाठी, लोकांकडून कळलेलं थोडं लिहून ठेवतो. पहिली गाडी सकाळी सहाला असते, त्याआधी पोचलात तर घाई करू नका. ससूनला जायचं तर पुणे रेल्वे स्थानक, वायसीएम रुग्णालयासाठी संत तुकारामनगर, तुळशीबागेसाठी मंडई. सामानाला वजन-मापाची मर्यादा आहे आणि पिशव्या यंत्रातून जातात, तेव्हा तेलाचा डबा आणि ज्वारीचं पोतं ट्रॅव्हल्सवाल्याकडून पार्सलने पाठवलेलं बरं. मार्ग बदलायचा असेल तर जिल्हा न्यायालयाला पंधरा मिनिटं हाताशी ठेवा आणि लिफ्ट कुठे आहे ते कर्मचाऱ्यांना विचारा, ते दाखवतात. तिकीट मोबाइलवरही काढता येतं. आणि वाघोलीला उतरणाऱ्यांनी रामवाडीपर्यंतच्या पीएमपी बसच्या वेळा पाहून ठेवाव्यात. मेट्रो वाघोलीला पोचेपर्यंत तो टप्पा बसनेच करायचा आहे.